सांगितले कोणी?

(न्यूझीलंडमधील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एक ताई सुट्टीत आपल्या गावी आल्या होत्या. त्या वेळी गावातील शाळेत त्यांनी मुलांपुढे केलेले हे भाषण आहे. दुसऱ्याकडून घेतलेली माहिती, मग ती माणसाकडून घेतलेली असो की यंत्राकडून, कोणाची आहे ते का सांगावे आणि कसे सांगावे, हे त्यांनी यात सांगितले आहे.)

मुलांनो,

तीस वर्षांपूर्वी मी याच शाळेत शिकत होते. त्या खिडकीजवळची जागा माझी. तेव्हा आम्ही पट्ट्यांवर बसत असू. आता तुमच्यासाठी बाके आली आहेत. पण खिडकीबाहेरची चिंच मात्र तीच आहे. तिला पाहून मला फार आनंद झाला.

आता मी न्यूझीलंड या देशात राहते. जगाच्या नकाशात ऑस्ट्रेलिया शोधा. त्याच्या आग्नेयेला समुद्रात दोन मोठी बेटे दिसतील. तोच न्यूझीलंड. आपल्याकडे डिसेंबरात थंडी पडते, तेव्हा तिथे उन्हाळा असतो. त्या देशाची राजधानी वेलिंग्टन. तिथे वारा असा सुटतो, की छत्री उघडताच उलटी होते. त्या गावातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी काम करते. आज मी तुम्हांला तिथली एक गोष्ट सांगणार आहे. पण तिची सुरुवात आपल्या गावातल्या स्वयंपाकघरातून होते.

आज घरी गेलात, की एखादे जुने स्टीलचे पातेले हातात घ्या आणि त्याच्या काठाजवळ नीट पाहा. तिथे बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेले असेल. कधी आजोबांचे, कधी आजीचे. भांडी विकत घेतली, की दुकानदाराकडून त्यांवर असे नाव घालून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. असे का बरे करत असतील?

आमच्या आळीत कोणाकडे लग्न असले, की घरोघरची भांडी त्या घरी जात. कोणाची परात, कोणाचे पातेले, कोणाच्या वाट्या. दुसऱ्या दिवशी सगळी भांडी घासून अंगणात पालथी घातलेली असत. मग आम्हां मुलींना कामाला लावले जाई. आजी म्हणे, "नाव वाचा आणि ज्याचे त्याच्या घरी पोचते करा."

एकदा त्या ढिगात एक सुरेख वाटी होती. तिच्यावर नाव नव्हते. ती कोणाची, हे मला ठाऊक होते, पण मी आजीला म्हणाले, "आजी, ही आपल्याच वाट्यांत ठेवू. कोणाला कळणार आहे?"

आजी हसली नाही आणि रागावलीही नाही. ती म्हणाली, "कोणाला कळले नाही, तरी त्या वाटीतून खाताना तुला कळेल ना?"

मी मुकाट्याने वाटी उचलली आणि परत करून आले. आजीचे ते बोलणे पुढे मला ग्रंथालयात फार उपयोगी पडले.

तुम्ही म्हणाल, वाटीचा आणि ग्रंथालयाचा काय संबंध? ऐका तर.

विद्यापीठातील मोठी मुले निबंध लिहितात. त्यासाठी ती अनेक पुस्तके वाचतात. निबंध संपला, की शेवटी कोणती माहिती कोठून घेतली ते लिहितात. लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव, ते कोणत्या वर्षी निघाले, कोणी छापले. याला संदर्भ देणे म्हणतात. भांड्यावर नाव असते ना, तसेच हे माहितीवरचे नाव.

संदर्भ दिल्याने तीन गोष्टी होतात. पहिली, ज्याने कष्ट केले त्याला श्रेय मिळते. दुसरी, वाचणाऱ्याला शंका आली, तर तो मूळ पुस्तक उघडून खात्री करून घेऊ शकतो. आणि तिसरी, आपले काय आणि दुसऱ्याचे काय, हे लिहिणाऱ्यालाही स्पष्ट होते.

पूर्वी हे सोपे होते. माहिती पुस्तकातून घ्यायची किंवा माणसाकडून. पण ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी नावाचे एक साधन लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर अशी आणखीही साधने आली. त्यांना प्रश्न विचारला, की ती क्षणात मोठे उत्तर लिहून देतात. निबंध सांगा, पत्र सांगा, गोष्ट सांगा, ती लिहितात. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

हे यंत्र लिहिते तरी कसे? आपण एक खेळ खेळू. मी वाक्य अर्धे सोडते, तुम्ही पूर्ण करा. "सूर्य पूर्वेला..." "उगवतो!" शाबास. तुम्ही हे वाक्य अनेकदा ऐकले आहे, म्हणून पुढचा शब्द तुम्हांला सुचला. यंत्राने माणसांनी लिहिलेली कोट्यवधी वाक्ये तपासलेली असतात. त्यावरून पुढे कोणता शब्द शोभेल, याचा ते अंदाज करते आणि शब्दामागून शब्द जोडत जाते. पुष्कळदा उत्तर बरोबर येते. पण शोभणारा शब्द खराच असतो असे नाही. कधी कधी यंत्र अगदी खोटी गोष्टही ठामपणे लिहून देते. न्यूझीलंडमधल्या किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीने पाककृती सुचवणारे असे साधन सुरू केले होते. २०२३ मध्ये लोकांनी त्याला घरातल्या काही वस्तूंची नावे दिली, तेव्हा त्याने एका पेयाची कृती सांगितली. ती कोणी करून पाहिली असती, तर विषारी वायू तयार झाला असता!

आता माझ्या घरची गोष्ट.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला शाळेत रदरफर्ड यांच्यावर निबंध लिहायचा होता. अर्नेस्ट रदरफर्ड हे न्यूझीलंडचे थोर शास्त्रज्ञ. नेल्सन गावाजवळ १८७१ साली त्यांचा जन्म झाला. घरात बारा भावंडे. या मुलाला पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूझीलंडच्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे.

मुलीने निबंध लिहून मला दाखवला. भाषा सुरेख होती. शेवटी एका पुस्तकाचे नाव संदर्भ म्हणून दिले होते. मी घाईत होते. मी म्हणाले, "छान लिहिला आहेस."

चार दिवसांनी ती शाळेतून आली ती खाली मान घालून. बाईंनी निबंध वाचला होता आणि म्हटले होते, "हे पुस्तक मला वाचायचे आहे. उद्या घेऊन येशील?"

मी म्हणाले, "त्यात काय एवढे? मी ग्रंथालयातच तर काम करते. शोधून देते."

मी आमच्या ग्रंथालयाच्या यादीत शोधले. पुस्तक नव्हते. मग आम्ही दोघींनी राष्ट्रीय ग्रंथालयाची यादी पाहिली. ते ग्रंथालय वेलिंग्टनलाच आहे. न्यूझीलंडमध्ये जे पुस्तक प्रसिद्ध होते, त्याच्या प्रती तिथे द्याव्या लागतात, असा कायदा आहे. आपल्या देशातही १९५४ सालापासून असा कायदा असून पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते. आमचे पुस्तक तर न्यूझीलंडमध्येच छापलेले होते म्हणे. पण तेथील यादीतही ते नव्हते.

मी मुलीकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"आई," ती म्हणाली, "ते पुस्तक मी पाहिलेच नाही. निबंध यंत्राने लिहून दिला. पुस्तकाचे नावही त्यानेच सांगितले. मी फक्त उतरवून घेतले."

जगात नसलेल्या पुस्तकाचे नाव तिने आपल्या निबंधाखाली लिहिले होते! मला क्षणभर राग आला. पण मग आठवले, 'छान' म्हणणारी मीच होते. एक प्रश्नही मी विचारला नव्हता. चूक दोघींची होती.

त्या रात्री आम्ही खरी माहिती शोधायला बसलो. यंत्राने लिहिले होते, की अणूच्या आतील केंद्राचा शोध लावणारा प्रयोग रदरफर्ड यांनी एकट्याने केला. खरी हकीकत वेगळी निघाली. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर हे शास्त्रज्ञ काम करत होते. मार्सडेन नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थीही तिथे होता. सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर त्यांनी अतिसूक्ष्म कणांचा मारा केला. बहुतेक कण पत्र्यातून आरपार गेले. पण थोडे कण चक्क मागे उलटले! हे निरीक्षण १९०९ साली प्रसिद्ध झाले. त्या लेखावर गायगर आणि मार्सडेन अशी दोघांचीच नावे होती. प्रयोगशाळेचे प्रमुख असूनही रदरफर्ड यांनी त्यावर आपले नाव घातले नाही. पुढे १९११ साली, अणूच्या मधोमध एक छोटेसे जड केंद्र असले पाहिजे, असे रदरफर्ड यांनी आपल्या लेखात मांडले. त्या लेखातही त्यांनी गायगर आणि मार्सडेन यांच्या निरीक्षणांचा नावानिशी उल्लेख केला. हेच मार्सडेन १९१५ साली वेलिंग्टनला प्राध्यापक होऊन आले.

हे वाचून माझी मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या विद्यार्थ्याचे नाव सांगितले आणि मी मात्र यंत्राचे नाव लपवले."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सगळे खरे सांगितले. बाईंनी तिला शिक्षा केली नाही. त्या म्हणाल्या, "निबंध पुन्हा लिही. यंत्राला विचारायचे असेल तर विचार. पण काय विचारलेस, त्याने काय सांगितले आणि तू काय तपासलेस, ते शेवटी लिही."

मुलीने निबंध पुन्हा लिहिला. तो पहिल्यापेक्षा लहान होता. भाषाही तेवढी सुरेख नव्हती. पण त्यातले प्रत्येक वाक्य तिला समजावून सांगता येत होते.

मुलांनो, ही गोष्ट एकट्या माझ्या मुलीची नाही. जगभरचे विद्वानही याच प्रश्नाचा विचार करत आहेत. 'नेचर' हे विज्ञानाचे जगप्रसिद्ध साप्ताहिक आहे. त्याने २०२३ मध्ये ठरवले, की यंत्राला लेखक मानायचे नाही. मात्र त्याची मदत घेतली असेल, तर तसे लेखात लिहायचे. यंत्राला लेखक का मानत नाहीत? कारण लेखक आपल्या लिहिण्याची जबाबदारी घेतो. चूक झाली, तर त्याला जाब विचारता येतो. यंत्राला जाब कसा विचारणार? त्याच वर्षी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या संस्थेने अशा साधनांचा संदर्भ लिहिण्याची रीत सांगितली. लेखकाच्या जागी साधन बनवणाऱ्या कंपनीचे नाव, मग वर्ष, साधनाचे नाव, त्याची कितवी आवृत्ती आणि ते कोठे मिळते त्याचा पत्ता. मोठी मुले ही रीत पाळतात.

तुम्ही म्हणाल, "ताई, पण सांगितलेच नाही, तर कोणाला कळणार आहे?" मीही आजीला हेच विचारले होते! यंत्राचे लिखाण ओळखणारी दुसरी यंत्रेही निघाली आहेत. पण ती चुकतात. कधी चोर सुटतो, तर कधी प्रामाणिक मुलावरच आळ येतो. म्हणून न्यूझीलंडमधील मॅसी, ऑकलंड आणि व्हिक्टोरिया या विद्यापीठांनी अशी ओळखणारी यंत्रे वापरत नसल्याचे २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे राखणदार नेहमीच दाराशी उभा असेल असे नाही. आपली राखण आपणच करायची. कोणाला कळले नाही, तरी आपल्याला कळतेच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. यंत्राचे शब्द आभाळातून पडत नाहीत. ते माणसांच्याच शब्दांवरून शिकलेले असते. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी. त्यांच्या रीतीप्रमाणे माणूस आपली ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, आपली नदी सांगतो, पूर्वज ज्या नावेतून आले तिचे नाव सांगतो आणि मग स्वतःचे नाव सांगतो. आपण कोठून आलो, हे सांगण्याला तिथे असा मान आहे.

या माओरी लोकांचे उत्तरेकडे काइताइया या गावी 'ते हिकू मीडिया' नावाचे नभोवाणी केंद्र आहे. माओरी बोलणे ऐकून लिहू शकेल, असे यंत्र त्यांना बनवायचे होते. त्यासाठी २०१८ मध्ये त्यांनी लोकांना हाक दिली. दहा दिवसांत सुमारे अडीच हजार लोकांनी आपापल्या आवाजात वाक्ये वाचून दिली. तीनशे तासांहून अधिक बोलणे जमले! त्यावरून यंत्र शिकले. हे आवाज म्हणजे लोकांची ठेव आहे, असे ते केंद्र मानते आणि ती जपून ठेवते. यंत्राच्या पोटात किती माणसांचे बोल असतात, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

आपल्याकडे तर ही शिकवण फार जुनी आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. त्यात त्यांनी आपले गुरू निवृत्तिनाथ यांना पुन्हा पुन्हा श्रेय दिले आहे. व्यासांचे नाव आदराने घेतले आहे. इतकेच नव्हे, तर ग्रंथ लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचेही नाव त्या ग्रंथाच्या शेवटी आहे. म्हणून सातशे वर्षांनंतरही आपल्याला ते ठाऊक आहे.

आता तुम्ही काय करायचे ते सांगते. चॅटजीपीटी तेरा वर्षांखालील मुलांसाठी नाही, असे ते बनवणाऱ्या कंपनीनेच म्हटले आहे. म्हणून तुम्ही एकट्याने ते वापरू नका. घरातले मोठे माणूस जवळ असेल आणि गुरुजींनी किंवा बाईंनी परवानगी दिली असेल, तरच त्यांच्यासह विचारा. जे काम स्वतःच करायचे असे बाईंनी सांगितले असेल, ते स्वतःच करा. आणि विचारलेच, तर लिहिताना शेवटी चार ओळी लिहा. समजा, तुमचा निबंध मधमाश्यांवर आहे. तर असे लिहिता येईल:

"या निबंधासाठी मी १० जुलै रोजी आईसोबत तिच्या फोनवर अमुक साधनाला विचारले, 'मधमाश्या मध कसा बनवतात?' फुलातील रसाचा मध कसा होतो, ही माहिती मी त्याच्या उत्तरातून घेतली. ती शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात तपासून पाहिली. चिंचेवरच्या पोळ्याचे वर्णन मी स्वतः पाहून लिहिले आहे."

'अमुक' च्या जागी साधनाचे खरे नाव घाला. बघा, एवढ्यात सगळे आले. कोणाला विचारले, केव्हा विचारले, काय विचारले, काय घेतले, काय तपासले आणि आपले स्वतःचे काय. पण एक सांगते. यंत्राचे नाव लिहिले, म्हणजे माहिती खरी ठरली असे नाही. चुकीच्या माहितीखाली नाव घातले, तरी ती चुकीचीच राहते. म्हणून आधी तपासा. यंत्राने पुस्तकाचे नाव सांगितले, तर ते पुस्तक स्वतः उघडून पाहा. पुस्तक मिळाले नाही, तर त्याचे नाव लिहू नका.

आणि हे सगळे यंत्रापुरतेच नाही. आजोबांनी विहिरीची गोष्ट सांगितली, तर आजोबांचे नाव लिहा. मित्राने गणित समजावले, तर मित्राचे नाव सांगा. नाव सांगितल्याने आपले काही कमी होत नाही. उलट लोकांचा आपल्यावर विश्वास बसतो.

आता मलाही माझे भांडे परत करायला हवे. आज मी तुम्हांला सांगितलेले शहाणपण माझ्या आजीचे आहे. गायगर, मार्सडेन आणि रदरफर्ड यांची हकीकत मी त्यांच्या १९०९ आणि १९११ सालच्या लेखांवरून सांगितली. आणि निबंधाची गोष्ट माझ्या मुलीची आहे. इकडे येण्यापूर्वी मी तिला विचारले होते, "तुझी ही चूक मी आपल्या गावच्या शाळेतल्या मुलांना सांगू का?"

ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, "सांग आई. पण मी निबंध पुन्हा लिहिला, तेही सांग."

मी तेही सांगितले आहे. तिचे तिला पोचते झाले.